सुताचा जोड

बंद पडलेली गाडी दुरुस्त करायला फार अक्कल लागत नाही. ती बिचारी निदान खरं बोलते. अक्कल लागते ती रस्त्यात दगा देऊन गॅरेजात शहाण्यासारखी चालणाऱ्या गाडीला.

मी संगप्पा. सोलापुरात विजापूर रोडला सत्तावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. तोंडाचा फटकळ आहे असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे. तरी गिऱ्हाईक टिकून आहे, कारण माझा जोड सुटत नाही. आमच्याकडच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, टेप घसरते आणि वायर उघडी पडते. म्हणून मी वायर पिळून, सोल्डर मारून, वर टेप लावतो आणि टेपवर चादरीच्या कारखान्यातलं सूत आवळून बांधतो. गावातल्या कुठल्याही वायरमननं बॉनेट उघडून सूत बघितलं की तो म्हणतो, हा संगप्पाचा हात. मला याचा माज होता. उगाच कशाला लपवू?

एप्रिलच्या शेवटी बिरुदेव आला. मंद्रूपच्या पुढं त्यांची वस्ती आहे. मूळचे मंगळवेढ्याकडचे मेंढरंवाले. बापानं, श्रीमंतमामानं, कळप मोडून इकडं जमीन केली. बिरुदेवची गाडी माझ्या ओळखीची होती. दोन हजार सातची पांढरी, पेट्रोलची, दारं खडखडणारी. त्याचं डोकं तासलेलं होतं आणि त्यावर नुकते खुंट आले होते. मी काही विचारायच्या आत तोच बोलला.

"आई गेली, मेस्त्री."

त्याच्या आईला, केराबाईंना, मी पाहिलेलं होतं. दीड वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सोलापुरात आणावं लागे, आणि आणायचा तो हाच, याच गाडीतून.

त्या दिवशी शुक्रवार होता. सकाळपासून म्हातारीला दम लागला होता. दुपारी एकला तिघं निघाले. म्हातारी मागं आडवी, तिचं डोकं श्रीमंतमामाच्या मांडीवर. तेरामैल ओलांडलं आणि वडकबाळच्या पुलाच्या अलीकडं गाडी बंद पडली. बिरुदेवनं चावी फिरवली, स्टार्टर घरघरला, इंजिन काही पेटेना. आजूबाजूला झाड नाही. त्यानं सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या गावाला गेलेली. रस्त्यात आडवा उभा राहून त्यानं शेवटी एक टेम्पो थांबवला. त्यात पाऊण तास गेला. टेम्पो शहरात शिरायच्या आत म्हातारी गेली.

"आन सांजच्याला?" तो म्हणाला. "चुलतभाऊ गाडी आणाया गेला. आर्ध्या चावीत चालू झाली, मेस्त्री. घरापतूर आली. दारात हुबी हाय ती कशी, काय झालंच न्हाय आसं दावत."

"मग?"

"आबानं एकच इचारलं. 'सांजच्याला चालू कशी झाली?' तवापासनं माझ्यासंगं बोलला न्हाय. तेरावा झाला, तरी न्हाय."

मी म्हटलं, बाप दुःखात आहे, येईल ताळ्यावर. बिरुदेवनं मान हलवली आणि खाली बघत पुढचं सांगितलं. आदल्या आठवड्यात बायकोशी बोलताना तो म्हणून गेला होता, ह्या खेपांचा आता कटाळा आलाय. म्हातारा पलीकडं बसला होता. आता वस्तीवरची माणसं कुजबुजत होती की पोरगं कंटाळलं होतं, गाडीचं निमित्त झालं. म्हाताऱ्यानं तसं तोंडानं म्हटलं नव्हतं. पण लेकानं पुढं केलेला पाण्याचा तांब्यासुद्धा तो घेत नव्हता.

"मला गाडी दुरुस्त नको," बिरुदेव म्हणाला. "तिच्यात खोट हुती, एवढं माझ्या बापाला दावून द्या. माझ्या तोंडाचं ऐकत न्हाय त्यो."

माणसं माझ्याकडं गाडी घेऊन येतात, बाप घेऊन कुणी आलं नव्हतं. मी चावी घेतली.

आधी तीन गॅरेजं झाली होती. त्या शुक्रवारच्या आधीच्या महिनाभरात चार वेळा ती अशीच दुपारची बंद पडलेली, आणि दर वेळी थंड झाल्यावर आपोआप चालू झालेली. एकानं पेट्रोलचा पंप बदलला, दुसऱ्यानं कॉइल, तिसऱ्यानं क्रँकचा सेन्सर. प्रत्येकानं "झालं काम, बिनघोर जावा" म्हणून सांगितलं होतं. अंदाजे पार्ट बदलणाऱ्यांचा मला भारी राग येतो. ताप का आला ते न बघता रोज नवी गोळी देणाऱ्या डॉक्टरसारखी ही जात.

पहिला दिवस माझाही वायाच गेला. गाडी लिंबाखाली लावली, बॉनेट उघडं, दारं उघडी, स्कॅनर जोडलेला. सकाळी दहापासून चारपर्यंत ती लक्ष्मीसारखी चालली. बिरुदेव टायरवर बसून तिच्याकडं बघत होता. दर अर्ध्या तासानं विचारायचा, "पडंल का?" गाडी बंद पडावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होतो.

रात्री जेवताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही सगळेच मेस्त्री गाडी सावलीत, उघडी टाकून तपासतो. वडकबाळला ती भर उन्हात होती आणि बॉनेट, दारं, काचा सगळं लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाराला गाडी भर डांबरावर लावली, बॉनेट पाडलं, काचा वर केल्या आणि इंजिन चालू ठेवून आत बसलो. शर्ट पाठीला चिकटला, डोळ्यांत घाम उतरला. पन्नास मिनिटांनी गळा दाबावा तसं इंजिन गप्प झालं.

चावी पुन्हा फिरवली. मीटरमधला पिवळा दिवा, जो चावी लावताच पेटायला हवा, तो पेटला नाही. पंपाची दोन सेकंदांची गुणगुण आली नाही. स्कॅनर म्हणाला, समोर कुणी नाही. मी डॅशबोर्डचा खण काढून त्यामागचा इंजिनचा कॉम्प्युटर उघडा केला. जेवणाच्या डब्याएवढी ॲल्युमिनियमची पेटी. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची हे सगळं ती ठरवते. बल्ब लावून करंट बघितला, येत होता. अर्थिंग बघितलं, चोख होतं. म्हणजे ताटात जेवण पोचत होतं, खाणाराच बेशुद्ध होता.

रसाच्या गाड्यावरून पिशवीभर बर्फ आणून त्या पेटीवर ठेवला. दहा मिनिटांनी पिवळा दिवा पेटला. चावी मारली, गाडी चालू. मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन नुसत्या त्या पेटीवर गरम वारा सोडला. चार मिनिटांत गाडी बंद. पुन्हा बर्फ, पुन्हा चालू. तीनदा मारली, तीनदा उठवली. आतल्या सर्किटच्या पाटीला कुठंतरी बारीक तडा गेला असणार. तापली की तो फाकतो, निवली की मिटतो.

"कॉम्प्युटर गेलाय," मी बिरुदेवला म्हणालो. "त्या दिवशी परमेश्वर जरी स्टेअरिंगवर असता, तरी गाडी चालू झाली नसती."

तो डांबरावरच उकिडवा बसला आणि हमसून हमसून रडला. "मी लबाड बोललो न्हाय," एवढंच म्हणत राहिला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, आपल्या हुशारीचंही बरं वाटलं.

तशा गाडीला आता नवा कॉम्प्युटर मिळत नाही. जुनाच शोधावा लागतो आणि पेटीवरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळावा लागतो. सहा-सात फोन केल्यावर करमाळ्याच्या एका भंगारवाल्याकडं ठोकलेल्या गाडीतला सापडला. त्यानं तो तिच्या चावीसकट एसटीच्या पार्सलनं पाठवला.

बसवायच्या आधी जुना का मेला ते बघायचं, ही माझी रीत. नाहीतर नवाही मरतो. बिरुदेव चहाला गेला होता. मी कॉम्प्युटरला करंट देणारी जाड वायर धरून मागं मागं गेलो. खणातून फायरवॉलच्या पत्र्यातून इंजिनकडं, तिथून बॅटरीच्या मागं. तिथं कुणीतरी तिला एक वायर जोडून रेडिएटरचा पंखा डायरेक्ट केला होता. आमच्याकडं हे सर्रास चालतं. इंजिन तापू नये म्हणून चावी लावली की पंखा फिरत राहील असा जोड मारून देतात. पण तो बॅटरीवरून वेगळा, रिले आणि फ्यूज घालून द्यायचा असतो. कॉम्प्युटरच्या वायरीवर चढवायचा नसतो. चावी बंद केली की पंखा फिरत फिरत थांबतो, आणि थांबताना उलटा करंट फेकतो. रोज दहा वेळा तो धक्का कॉम्प्युटरच्या छातीत.

कोण गाढव हे करून गेला, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा. मग कापडानं काळं पुसलं. टेपवर सूत होतं.

चार वर्षांपूर्वीची दुपार लख्ख आठवली. गाडी तापते म्हणून बिरुदेव आला होता. केराबाई मागच्या सीटवर बसलेल्या, तेव्हा धडधाकट, मांडीवर बाजाराची पिशवी. गॅरेजसमोर सावली नव्हती. मी पाणी दिलं तर म्हणाल्या, "लेकरा, लवकर कर, लई भाजतंय." रिले घालून वेगळी लाइन ओढायची तर तास लागला असता. म्हातारी उन्हात बसलीय म्हणून मी हाताजवळची वायर धरली, पंधरा मिनिटांत जोड मारला, सूत बांधलं. नंतर कधीतरी ये, पक्कं करून देतो, म्हणालो. तो आला नाही, मी आठवण केली नाही. जोड मात्र माझाच होता, चार वर्षांत सुटला नव्हता.

मी जोडाच्या दोन्ही बाजूंनी वायर कापली आणि तो बोटाएवढा तुकडा खिशात घातला. रिले बसवला, फ्यूज घातला, बॅटरीवरून नवी लाइन ओढली. बिरुदेव चहाचा कप घेऊन आला तेव्हा सगळं नीटनेटकं होतं. "काय केलं?" त्यानं विचारलं. "पंख्याचं जरा पक्कं केलं," मी म्हणालो. माझ्याच्यानं त्याच्याकडं बघवलं नाही. मनाशी म्हटलं, पोराला हवंय ते त्याला मिळतंच आहे, मग आपली अब्रू कशाला घालवा? माणूस स्वतःशी किती गोड बोलतो!

श्रीमंतमामांना फोन मीच केला. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं आले. उंच, वाळलेले, पांढरा फेटा, हातात काठी. लेकाकडं त्यांनी पाहिलं नाही. मी खुर्ची दिली, ते जमिनीवर बसले.

मी जुनाच कॉम्प्युटर जोडून ठेवला होता. गाडी चालू केली, ड्रायर धरला, आणि चार मिनिटांत ती मेली. म्हणालो, "मामा, आता चावी तुमी फिरवा." ते उठले, आत वाकले, चावी फिरवली. घरघर, घरघर, बाकी काही नाही. बर्फ ठेवला, दहा मिनिटं थांबलो. पुन्हा त्यांनाच फिरवायला लावली. गाडी चालू झाली.

"पुन्यांदा," ते म्हणाले.

पुन्हा केलं. मग त्यांच्यादेखत करमाळ्याची पेटी बसवली, ती चिप ओळखल्याशिवाय पेटी इंजिन चालू करू देत नाही म्हणून त्या गाडीच्या चावीतली चिप स्टेअरिंगच्या कुलपापाशी चिकटवली आणि वीस मिनिटं ड्रायर धरला. गाडी चालत राहिली.

"म्हंजी सांजच्याला ही निवली, म्हणून चालू झाली," म्हातारा सावकाश म्हणाला.

"व्हय मामा. पोराचा दोष न्हाय."

बिरुदेव एक पाऊल पुढं आला. त्याच्या तोंडावर काय होतं ते मी विसरणार नाही. शाळेत पास झालेलं पोर बापाकडं बघतं तसं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "आन ती बिगाडली कशानं?"

जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. एक मेंढरू मेलं तरी पोट फाडून कारण बघणारा. मला माहीत असायला हवं होतं की तो हे विचारणार. "जुनी झाली," मी म्हणालो. "आन ऊन."

त्यांनी मान डोलावली. मग तीन आठवड्यांनी पहिल्यांदा ते लेकाकडं वळले.

"किती डाव पडली हुती?"

"चार डाव, आबा. पर तीन मेस्त्र्यांनी सांगितलं..."

"चार डाव." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. "मला वाटत हुतं, तुला काय ठावंच नसंल. येड्यावानी बसून ऱ्हायलास म्हणून राग हुता. तुला ठावं हुतं की रं, बिरु. जे मेंढरू चार डाव पडलं, ते आपुन माळाला न्हेत न्हाय. तू तुझ्या आईला तिच्यात घातलंस."

निर्दोष ठरवायला मी जो पुरावा उभा केला होता, तोच त्याच्या गळ्यात दोरीसारखा पडला. मी खिशातला तुकडा काढून म्हाताऱ्यापुढं धरला.

"मामा, खोटं बोललो मी. ती उनानं बिगाडली न्हाय, माझ्या हातानं बिगाडली. हा जोड माझा हाय. पंखा चुकीच्या वायरीवर लावला मी, चार वर्षांमागं. घाई केली. त्यानंच कॉम्प्युटर गेला. आमी मेस्त्री लोकांनीच फसवलं तुमच्या पोराला, त्याला कसं कळणार? काय बोलायचं ते मला बोला. मारा पायजे तर."

बिरुदेव माझ्याकडं बघत होता. "काल ठावं हुतं तुमाला?" त्यानं हळू विचारलं. मी हो म्हणालो. त्यानं मान फिरवली. त्यानं शिवी दिली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

म्हाताऱ्यानं तो तुकडा हातात घेतला. सुतावरून अंगठा फिरवला. मग माझ्या हातात परत ठेवला.

"तू परका हायस, बाबा," ते म्हणाले. "तुज्यावर राग धरून मी काय करू? तू तिला वळखत न्हवतास. तिनं ह्याला नऊ म्हैनं पोटात वागवलं."

काठी टेकून ते उठले. मी म्हटलं, मामा, ऊन उतरू द्या, गाडीनं जावा, आता ती कुठं थांबणार नाही. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि ते रस्त्याला लागले. दुपारचे अडीच झाले होते. मंद्रूपची एसटी जिथं थांबते तो थांबा अर्धा किलोमीटर पुढं आहे.

बिरुदेवनं गाडी काढली. म्हाताऱ्याला गाठलं, काच खाली केली, आणि पहिल्या गिअरमध्ये त्याच्या बरोबरीनं चालवू लागला. "आबा, बसा की," त्याचा आवाज मला गॅरेजात ऐकू येत होता. "आबा, मागं बसा. बोलू नगा, नुसतं बसा." मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. म्हातारा सरळ बघत चालत होता, काठी ठरल्या तालावर पडत होती. थांब्यापर्यंत ती पांढरी गाडी त्याच्या शेजारी तशीच सरकत गेली. तापलेल्या डांबरावर, गोगलगाईच्या चालीनं, एवढ्या उन्हात. मी दारात उभा राहून मनातल्या मनात म्हणत होतो, आता तरी बंद पड गं बाई, म्हातारा थांबंल, मागं वळून तरी बघंल.

ती एकदाही बंद पडली नाही.